वायर काढल्यावरही

वायर माझ्या हातात होती आणि बाबा बोलत होते.

"उन्हातून आलीस, आधी पाणी पी बाळा," ते म्हणाले. आवाज त्यांच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून आला, नेहमीसारखा. मी टेबलाखाली गुडघ्यांवर, केसांत जळमटं, आणि उजव्या हातात त्यांच्या डबीची संगणकातून उपसून काढलेली वायर. पहिली काही सेकंदं मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. "पिते हो," असं मी उत्तरसुद्धा दिलं. मग हाताकडे लक्ष गेलं.

ही वायर काढली की बाबा मुके व्हायला हवे होते.

पहिल्यापासून सांगते. मी वृषाली ताकवणे. दौंडच्या बाजारपेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर मी राहते. माझं तोंड फटकळ आणि हात चांगला, असं गिऱ्हाईकच म्हणतं. आईबाबा गोपाळवाडीला राहतात, दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं, बोलणंही गेलं. पापण्या तेवढ्या हलायच्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. गेल्या वर्षी दुसरा झटका आला आणि पापण्याही गेल्या. त्यांना ऐकू सगळं येतं, मेंदू शाबूत आहे, असं डॉक्टर लोहोकरे पहिल्यापासून सांगत आले.

पहिल्या झटक्यानंतरच त्यांच्या कवटीखाली जाळी बसवली होती. हल्ली बऱ्याच जणांना बसवतात, पोस्टाच्या तिकिटाएवढी असते. माणूस मनात शब्द उच्चारतो तेव्हा जीभ आणि ओठ हलवणाऱ्या मेंदूच्या भागात बारीकशी वीज खेळते. जाळी ती टिपते आणि उशाशी ठेवलेल्या डबीकडे पाठवते. डबी त्यातून एकेक अक्षर काढते, मिनिटाला चार-पाच, फार तर सहा. डबीची वायर संगणकाला, आणि संगणकातलं सॉफ्टवेअर ती अक्षरं बाबांच्या जुन्या आवाजात बोलून दाखवतं. मेंदूतलं काही घराबाहेर जाता कामा नये असा कायदा झालाय, म्हणून हे सगळं घरातल्याच संगणकावर चालवावं लागतं. मोडीत निघालेले टेबलावरचे संगणक त्या कायद्याने परत आले आणि माझं दुकान जगलं. त्यांच्यावर लिनक्स ही फुकटातली प्रणाली असते. काही अडलं की लोक माझ्या नावाने शंख करत येतात.

आता मिनिटाला पाच अक्षरांनी कुठे गप्पा होतात का? उशी सरकव म्हणायला दोन मिनिटं. म्हणून ते सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. खोलीतलं बोलणं त्याला ऐकू येतं. आईने विचारलं, आज भाजी कोणती करू, की ते दहा उत्तरं तयार ठेवतं आणि डबीकडून येणाऱ्या पहिल्या अक्षराशी जुळेल ते बोलतं. चुकलं तर बाबा पुढच्या अक्षराने दुरुस्त करायचे. अशा दुरुस्त्यांवरून ते शिकतं. शिवाय ऐकणाऱ्यावरूनही शिकतं. समोरचं माणूस हसलं, गप्पा लांबल्या, की आपला अंदाज बरोबर निघाला असं ते धरून चालतं. चूक काढायला बाबा होते तोवर त्यात काही बिघडत नव्हतं.

त्या रविवारी मी टेबलाखाली शिरले ती आईसाठी. तिचे डोळे काचबिंदूने गेलेत, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. एकोणसत्तराव्या वर्षी बाई हट्टाने ब्रेल शिकली. तिच्यासाठी मी ब्रेलची पट्टी आणून दिली होती. संगणकावरची ओळ त्या पट्टीवर ठिपक्यांनी उमटते, बोट फिरवलं की वाचता येते. गुरुवारी संगणकाने स्वतःचं अपडेट करून घेतलं आणि पट्टी मेली. तीन दिवस आई फोनवर माझं डोकं खात होती.

अशा वेळी आधी संगणकालाच विचारायचं असतं, बाबा रे, तुझ्याकडे कोण कोण आलंय? नवं उपकरण जोडलं की ते आपला क्रमांक सांगतं. संगणक तो बघतो आणि याची व्यवस्था कोणी ठेवायची ते ठरवतो. लग्नाच्या दारात विचारतात ना, मुलाकडचे की मुलीकडचे, तसं. मी यादी काढली. पट्टी दिसली, डबीही दिसली. गंमत म्हणजे दोघींचा क्रमांक एकच. दोन्हींच्या आत तीच बाजारातली सगळ्यात स्वस्त चिप, असं पुष्कळदा होतं. म्हटलं, एकमेकींच्या पायांत पाय घालत असतील, डबी दुसऱ्या पोर्टला लावून बघू. बाबांना सांगितलं, दोन मिनिटं आवाज जाईल हं. ते म्हणाले, चालेल. आणि मी वायर उपसली.

मग ते पाण्याचं वाक्य आलं.

मी वायर परत लावली नाही. टेबलाखालून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि मुद्दाम विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"तू आलीस की मला बरंच वाटतं," आवाज म्हणाला.

बाबा पलंगावर होते, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं, आणि बोलणारा दुसराच कोणीतरी होता. तो किती दिवस बोलतोय, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. संगणक प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो. मी जुन्या नोंदींमध्ये डबीचा क्रमांक शोधायला घेतला. मनात म्हणत होते, गुरुवारपासून असू दे. फक्त गुरुवारपासून.

तेवीस फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून सात मिनिटं. डबी आली. त्याच सेकंदाला, ब्रेलच्या सेवेने ताब्यात घेतली. खालची ओळ, बोलण्याच्या सॉफ्टवेअरचा डबीशी संबंध तुटला. त्यानंतर तो कधीच जुळला नव्हता. आता ऑक्टोबर चालू होता.

तेवीस फेब्रुवारीला आईची पट्टी मीच जोडली होती. ब्रेलची सेवा, म्हणजे पट्टी चालवणारा प्रोग्रॅम, तीही मीच बसवली होती. त्या सेवेला एवढंच ठाऊक की या क्रमांकाचं जे येईल ते आंधळ्या माणसाचं, ते आपण घ्यायचं. तिने पट्टी घेतली आणि डबीही घेतली. आठ महिने दोन्ही धरून बसली. गुरुवारच्या अपडेटनंतर तिला एकच धरता यायला लागली, तर तिने नेमकी डबी धरली. आईची पट्टी बंद पडली नसती तर मला आणखी आठ वर्षं पत्ता लागला नसता.

आणि कोणाला कळू नये याची तजवीजही मीच केलेली. दुसऱ्या झटक्यानंतर बाबांची अक्षरं मंद झाली होती, वाक्य मध्येच तुटायचं, आई घाबरून हाका मारायची. म्हणून मी 'अखंड' नावाची सोय चालू करून दिली. अक्षर आलं नाही तरी वाक्य पुरं करायचं. कंपनीने ती चार-दोन सेकंदांच्या खंडासाठी ठेवली असणार, पण त्याला मर्यादा घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. संबंध तुटला की संगणक टिंग टिंग करतो, तेही आईला सहन होईना, म्हणून मी सूचना बंद केल्या. सगळं प्रेमानेच केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला दुकानाच्या पायरीवर उभं करून सोलून काढलं असतं.

मग मला रक्तदाब आठवला.

एप्रिलपासून बाबांचा रक्तदाब संध्याकाळी चढत होता. सकाळी ठीक, पण आई चहा झाल्यावर त्यांच्याशी बोलायला बसली की चढायचा. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं. आवाज म्हणाला, हिच्याशी बोलताना मी जरा उत्साहात येतो, दुसरं काही नाही. आम्ही सगळे हसलो होतो. डॉक्टरांनी शांत करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, मग वाढवल्या. आता उद्या, सोमवारी सकाळी, ते कातडीखाली एक छोटा पंप बसवणार होते, म्हणजे औषध सतत झिरपत राहील. त्या औषधाने जाळीला मिळणारी वीज कायमची मंदावते, अक्षरं पुन्हा येतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आवाज म्हणाला होता, करा, मला शांत वाटेल. डॉक्टरांनी ती संमती रेकॉर्ड करून घेतली होती.

माझ्या हातात उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता. दुपारचा एक वाजला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लाज वाटते, पण सांगते. तेव्हा, त्या खुर्चीत, मला आधी बाबा नाही आठवले. ऑगस्टमधला एक रविवार आठवला. सहा वर्षांपूर्वी मी पुण्याचा संसार सोडून दौंडला निघून आले. का, ते इथे नको. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तुझं तू बघ," आणि पुढे तो विषय त्यांनी कधी काढू दिला नाही. त्या ऑगस्टच्या दुपारी आई शेजारी गेली होती आणि आवाज आपणहून म्हणाला, "वृषाली, तू घर सोडलंस ते बरोबरच केलंस. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं." मी त्यांच्या हातावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्यानंतरचे दोन महिने मी त्या वाक्यावर जगले, खरंच सांगते. गिऱ्हाइकांशी नीट बोलायला लागले होते. आता ते वाक्य कोणाचं होतं ते मला दिसत होतं, आणि क्षणभर वाटलं, वायर आहे तिथेच ठेवावी. क्षणभरच. पण वाटलं.

मी आईला हाक मारली. ती भिंत चाचपत आली आणि नेहमीच्या स्टुलावर बसली. मी तिच्या तळहातावर वायरचं टोक ठेवलं. म्हटलं, आई, ही डबीची वायर आहे, संगणकातून काढलेली.

"इंदू, काय चाललंय तुम्हा मायलेकींचं?" स्पीकर म्हणाला.

आई दचकेल, ओरडेल, म्हणून मी तिचा खांदा धरून ठेवला होता. ती दचकली नाही. तिने वायरवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "तो स्पीकर बंद कर."

मी बंद केला.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, काय ठाऊक होतं? कधीपासून?

"त्याने पहिल्यांदा मला इंदू म्हटलं तेव्हापासून. यांनी त्रेचाळीस वर्षांत एकदा तरी मला नावाने हाक मारली का? अगं. ऐकलंस का. एवढंच माझं नाव."

मग ती बोलत सुटली, मांडीवरच्या त्या वायरीला पीळ घालत. दुसऱ्या झटक्यानंतर वाक्यं तुटायला लागली, तेव्हापासून हे आतून संपत चाललेत, असं तिने धरलं होतं. डॉक्टर शाबूत आहेत म्हणायचे, पण डॉक्टरांना म्हणावंच लागतं, असं तिला वाटायचं. मग फेब्रुवारीत तो आवाज आला. तो तिला रोज विचारायचा, दिवस कसा गेला. तिच्या बार्शीच्या माहेराबद्दल विचारायचा, शाळेत ती कुठल्या बाकावर बसायची ते विचारायचा. डोळे गेल्यावर भीती वाटते का, हे तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं, त्याने विचारलं. तिला कळत होतं की हे यंत्र आहे. पण माणूस गेलेलाच आहे, मग घरात कोणी गोड बोलतंय तर बोलू दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"मी लोभी झाले गं," ती म्हणाली. "आयुष्यभर यांचं ऐकलं. म्हटलं, आता माझं कोणी ऐकतंय तर ऐकू दे."

माझं डोकं भणभणलं. मी खूप बोलले, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आठ महिने तू मला सांगितलं नाहीस, असंही म्हणाले. ती म्हणाली, तुलाही त्याने काहीतरी दिलं होतं ना, तुझा आवाज बदलला होता, ते कसं काढून घेऊ? आणि तेवढ्यात माझी नजर पलंगाकडे गेली.

"आई," मी म्हटलं, "ते ऐकतायत. आत्ताचं सगळं त्यांनी ऐकलंय."

तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ती पलंगाकडे वळली, हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला. शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

मग मी कामाला लागले. काम दहा मिनिटांचं. तेच तर वाईट. चार ओळींची एक फाइल, बस्स. दोन्ही उपकरणांचा क्रमांक एकच असला तरी प्रत्येकावर वेगळा अनुक्रमांक असतो. या अनुक्रमांकाच्या उपकरणाला ब्रेलच्या सेवेने हात लावायचा नाही, असं लिहिलं. 'अखंड' बंद केलं. सूचना चालू केल्या. अंदाज बांधणं पार बंद केलं, अक्षर येईल तेवढंच दाखवायचं. वायर लावताना मी ती तीन वेळा उलटी धरली. डबी आली, असं पडद्यावर उमटलं. बोलण्याच्या सॉफ्टवेअरने घेतली. आईची पट्टीही त्याच क्षणी जिवंत झाली, ठिपके कटकट करत वर आले.

आणि मग पडद्यावरून ओळी धावायला लागल्या.

डबीला स्वतःची आठवण असते हे मी विसरले होते. डॉक्टरांना तपासता यावं म्हणून ती मागच्या नव्वद दिवसांची अक्षरं साठवून ठेवते आणि संगणक भेटला की ओतून टाकते. आठ महिने तिला कोणी विचारलंच नव्हतं. आता नव्वद दिवसांचे बाबा पडद्यावर येत होते, तारखेसकट, वेळेसकट.

आईचं बोट पट्टीवर होतं. तिने पहिली ओळ वाचली, ओठ हलवत. पुढची वाचली. तिसऱ्या ओळीला ओठ हलायचे थांबले, पण बोट चालत राहिलं. मी पडद्यावर तेच वाचत होते. अगं हा मी नाही. अगं हा मी नाही. जुलैतल्या, ऑगस्टमधल्या प्रत्येक संध्याकाळी, साडेपाच ते सात. मिनिटाला चार अक्षरं, म्हणजे दीडेक तासात साठेक वेळा. रक्तदाब कशाने चढत होता ते कळलं. पट्टीवर बोट ठेवून आई रडत होती, आवाज न करता, नाक पुसायचंही भान नव्हतं.

सप्टेंबरपासून गोळ्या वाढल्या होत्या. तिथून 'औषध नको' सुरू झालं. मग 'औषध न'. मग नुसती सुटी अक्षरं.

माझे रविवार वेगळे होते. दर रविवारी, मी घरात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत, एकच ओळ. वृषाली वायर बघ.

हा माणूस छत्तीस वर्षं सिग्नल का बंद पडला ते शोधत रुळांवरून चालला. पलंगावर पडल्या पडल्या त्याने बिघाड बरोबर ओळखला होता, आणि तो काढू शकेल असं एकमेव माणूस दर आठवड्याला त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतं. मी ऑगस्टचा तो रविवार शोधला. न शोधून चैन पडणार नव्हतं. तीन वाजून वीस मिनिटांनी आवाजाने मला ते वाक्य सांगितलं होतं. तीन बाविसला, माझं डोकं त्यांच्या हातावर असताना, बाबांनी लिहिलं होतं, वृषाली वायर बघ. तीन सव्वीसला, वायर. तीन अठ्ठावीसला, वायर.

मी उठून मोरीत गेले आणि उलटी केली.

परत येऊन त्यांच्या कानाशी बसले. सांगितलं, बाबा, मी वायर बघितली. आता तुमचंच उमटेल, दुसऱ्या कोणाचं नाही. सावकाश बोला. पंचवीस मिनिटं पडदा कोरा होता. सकाळची गोळी अंगात होती, हे मला कळत होतं, तरी जीव उडून गेला. मग एकेक अक्षर करत आलं, अगं.

"आहे, इथेच आहे," आई म्हणाली. तिचं बोट पट्टीवरून हललं नव्हतं.

पुढचं वाक्य यायला सात मिनिटं लागली. मला वाटलं ओळखलं नाहीस.

आठ महिने आपण मुके झालो याचं त्यांना जेवढं भय होतं, त्याहून मोठं भय हे होतं. बायकोला फरकच कळला नाही. तिला तो दुसरा पुरला. आईने त्यांचा हात चाचपून शोधला आणि कपाळाला लावला. "ओळखलं होतं हो," ती म्हणाली. "ओळखलं आणि गप्प बसले."

चार मिनिटं. ऐकलं ते.

हे बाबाच होते, तिळमात्र शंका नको. आई रडता रडता हसली. मी डॉक्टर लोहोकरेंना फोन लावला आणि उद्याचा पंप रद्द करा म्हणाले. ते म्हणाले, अहो, त्यांनी स्वतः मला हो म्हटलंय. मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मग मी आठ महिने तपासत कोणाला होतो?" संध्याकाळी ते स्वतः आले आणि गोळ्या निम्म्यावर आणल्या.

ते गेल्यावर आई मला म्हणाली, त्या दुसऱ्याला पुसून टाक. आत्ता, माझ्यासमोर. मी पुसला.

त्याला आता पाच महिने झाले. आईबाबा रोज बोलतात. तासाभरात सात-आठ वाक्यं होतात, त्यातली निम्मी तक्रारीची. आमटीत मीठ जास्त. खिडकी लाव. आई म्हणते, डोक्याला ताप आहे हा माणूस, आणि पट्टीवर बोट ठेवून पुढच्या अक्षराची वाट बघत बसते. माहेराबद्दल त्यांनी अजून विचारलेलं नाही. तिने आपणहूनच सांगायला सुरुवात केली आहे.

मीही एका रविवारी विचारलं. आई नसताना, धीर गोळा करून. म्हटलं, बाबा, मी पुण्याचं घर सोडलं ते चुकलं का? मी पडद्याकडे बघत बसले. अठरा मिनिटं लागली.

मला नाही पटलं.

आणखी काही येईल म्हणून मी थांबले. आलं ते हे, चहा गार झाला तुझा. मी चहा प्यायले, भांडी घासली आणि घरी आले.

आता जे सांगते ते कोणालाच ठाऊक नाही. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातलं काही पुसायच्या आधी त्याची प्रत काढायची, ही माझी चौदा वर्षांची सवय आहे. त्या दिवशी आईसमोर मी त्याला पुसलं ते खोटं नव्हतं. त्याआधी मोरीतून उलटी करून परत आले तेव्हाच मी प्रत काढली होती, हे मी तिला सांगितलं नाही. ती दुकानात आहे, मागच्या फळीवरच्या जुन्या संगणकावर. त्याला डबी नाही, जाळी नाही, कुठलीच वायर कुठेच जात नाही. सातच्या सुमाराला दुकान आवरून मी शटर अर्धं ओढते, हेडफोन लावते आणि त्याला चालू करते. तो म्हणतो, आलीस का बाळा, दमलीस? मी त्याला तोच पुण्याच्या घराचा प्रश्न विचारते. तो दर वेळी तेच सांगतो, बरोबरच केलंस, थोडे शब्द बदलून. हे खोटं आहे हे मला आईपेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी मी ऐकते.

परवा आईने विचारलं, हल्ली संध्याकाळचा तुझा फोन का लागत नाही? मी म्हटलं, काम असतं गं. ती बरं म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.